सतरा नंबरची निरोगी बाई

दादा,

तुझ्या शोकसभेत सहा जण बोलले आणि सहाही जणांनी तुला मितभाषी म्हटलं. मी पहिल्या रांगेत वहिनीशेजारी बसले होते. तिनं माझा हात घट्ट दाबून धरला, कारण मला हसू येत होतं आणि ते तिला कळलं होतं. मितभाषी! इंदूर-धार बसमध्ये उभ्या उभ्या कंडक्टरला जनुकं समजावून सांगणारा माणूस मितभाषी? तो बिचारा शेवटी म्हणाला होता, "सर, अब उतर भी जाओ, स्टँड आ गया." तू उतरलास आणि खिडकीतून त्याला उरलेलं सांगत राहिलास. मला तिथे उठून हेच सांगावंसं वाटत होतं. पण मराठी समाजाच्या हॉलमध्ये, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर, माझं काही धाडस झालं नाही.

परवा तुला जाऊन दोन महिने झाले. मी देवासला येऊन गेले. वहिनी बरी आहे, म्हणजे लोकांसमोर बरी आहे. मला तुझ्याशी जे बोलायचं आहे ते तिच्याशीही बोलता येत नाही. तू असताना बोलले नाही आणि आता तू वाचणार नाहीस तेव्हा लिहायला बसले आहे. उशीर करण्यात आपलं घराणं पहिल्यापासून तरबेज.

सुरुवात आईपासून करायला हवी, कारण तूही नेहमी तिथूनच करायचास.

आईचं तुला आठवायचं तसं मला आठवत नाही. तू सोळाचा होतास, मी दहाची. मला आठवतो तो मधल्या खोलीचा पडदा आणि 'आईला पित्त झालंय' हे वाक्य. कचेरीमागच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये आईचं पित्त वर्षातून दोनदा उसळायचं आणि दीड-दीड महिना टिकायचं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. केस विंचरायची नाही, जेवायची नाही, रडायचीसुद्धा नाही. बाबा कामावर जाताना शेजारी सांगून जायचे, पित्त आहे. मग सारी गल्ली आवळे आणि आल्याचा पाक आणून द्यायची. त्या दिवसांत आपल्या घरात जेवढा आवळा होता तेवढा धारच्या बाजारातही नसेल.

तू शाळेतून आलास की दप्तर टाकून त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचास आणि बाबांचं जुनं रेल्वेचं वेळापत्रक मोठ्यांदा वाचायचास. आपल्या धारला रेल्वे नव्हती. आपण गाडीत बसलो होतो ते फक्त नाशिकला मावशीकडे जाताना. पण तुझं म्हणणं, गोष्टीत काहीतरी वाईट होतंच, बातम्यांत तर होतंच होतं, वेळापत्रकात कुणाचं काही बिघडत नाही. तू खंडवा वाचायचास, भुसावळ वाचायचास, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ. मला तू वेडा वाटायचास. आणि एक दिवस आतून आवाज आला, "रतलामला किती वेळ थांबते?" तीन आठवड्यांनी ती पहिल्यांदा बोलली होती. तू उत्तर दिलंस, "वीस मिनिटं, आई." मग मागच्या अंगणात जाऊन तू किती वेळ रडलास ते मी पाहिलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. न सांगितलेल्या गोष्टींच्या रांगेत ही सर्वांत निरुपद्रवी.

म्हणून शेचाळिसाव्या वर्षी, देवासच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवता शिकवता, तू पीएच.डी.ला बसलास तेव्हा सगळे हसले, मी हसले नाही. उलट मला भीती वाटली. तू विषयच तो घेतलास.

देवासला तेव्हा एक दिवसाआड पाणी यायचं. मी आले होते आणि तू अंगणात बादल्या लावून नळासमोर बसला होतास. तिथेच तू मला पहिल्यांदा सगळं सांगितलंस. मेंदूतल्या पेशींना वाढायला, एकमेकींना धरून राहायला एक खत लागतं. शरीर ते स्वतःच तयार करतं. ते कसं करायचं याची कृती एका जनुकात असते. खोल उदासीच्या आजारात ती कृती बिघडलेलीच असते असं नाही, बहुतेकदा चांगलीच असते. फक्त त्या जागेवर बारीक रासायनिक खुणा बसत जातात आणि मग शरीर ती कृती नीट वाचतच नाही. खत कमी पडतं. "हा नळ बघ," तू म्हणालास. "नळ चांगला आहे. मागे पाणी आहे. कुणी तोंडाला फडकं गच्च बांधून ठेवलं तर बादली भरेल का? आणि मुख्य म्हणजे, शुभे, फडकं सोडता येतं."

मी विचारलं, "आईच्या नळाला कुणी बांधलं?"

तू भरलेली बादली सरकवून दुसरी लावलीस. मग म्हणालास, "कुणी म्हणजे… दिवसांनी. आपल्या दोघांच्या मधे एक होता ना, तो गेला त्या दिवसांनी." तुझ्यात आणि माझ्यात सहा वर्षांचं अंतर का, हे मला चाळिसाव्या वर्षी त्या अंगणात कळलं.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते कधी मिटलंच नाही. मी म्हणायची, हे रक्तात असतं, आईकडून येतं, नळ-बिळ सब फालतू बात. तू म्हणायचास, येतं ते सगळं येतं, पण आलेलं सगळं तसंच राहत नाही. खुणा बसतात तशा निघतातही, कधी औषधानं, कधी माणसांनी, कधी दोन्हींनी. दर बुधवारी फोनवर तेच. तू नेहमी जिंकायचास, कारण तुझ्याकडे शोधनिबंध होते. माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त मी होते, आणि ते मी तुला सांगत नव्हते.

तर आता सांगते. माझी ऋचा सातवीत होती तेव्हापासून मी गोळी घेते आहे. तोच आजार, तीच भिंत, फक्त मला भिंतीकडे तोंड करून पडायला वेळ नव्हता, कारण पावणेसातला पीथमपूरच्या कारखान्याची शिफ्टची बस यायची. मी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसायची आणि उतरताना मला पायांना 'उचला' म्हणून सांगावं लागायचं. शेवटी ऋचाचे बाबाच मला इंदूरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन महिन्यांत मला पुन्हा भाजीत मीठ कमी आहे हे कळायला लागलं. गोळ्या मी कॅल्शियमच्या डबीत ओतून ठेवायची. हे सोडले तर कुणाला माहीत नव्हतं. औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासण्याची नोकरी करणारी बाई स्वतःची गोळी लपवून घेत होती.

आणि त्यानंतर तीन वर्षांनी तू धारला रक्त गोळा करायला आलास.

गणपतीचा पाचवा दिवस. सकाळी आवर्तनं झाली की हॉलमध्ये सगळे थांबतात, हे तू बरोबर हेरलं होतंस. आजारी माणसांचे नमुने तुला इंदूरच्या दवाखान्यातून मिळाले होते. आता त्यांच्याशी ताडून बघायला निरोगी माणसं हवी होती. अट एवढीच की ज्यानं त्यानं फॉर्मवर खरं सांगावं, हा आजार कधी झालेला नाही आणि कुठलं औषध चालू नाही. तू मला आदल्या दिवशी सांगितलंस, "तू आधी बस, म्हणजे बाकीच्या बसतील." आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलास. कोणत्या बाटलीत कुणाचं रक्त आहे हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, नावांची यादी बंद पाकिटात इंदूरला तुझ्या सरांकडे राहणार, असा तुझा नियम होता. नियम तू शेवटपर्यंत पाळलास.

पण आत काय चाललं होतं ते तू बघायला हवं होतंस. रक्त घ्यायला आलेल्या सिस्टर बदनावरच्या, आवाज मंडीत लिलाव पुकारावा असा. फॉर्म हिंदीत, अक्षर मुंगीएवढं, निम्म्या काकवांकडे चष्मे नाहीत. मग सिस्टर वाचणार आणि आम्ही उत्तरं देणार. बायकांची रांग खुर्च्यांवर. माझ्या पाठीमागे कुसुमकाकू, जिच्या वहीत धार-देवास-इंदूरच्या साऱ्या लग्नाच्या मुलामुलींची टिपणं असतात. पुढून खणखणीत आवाजात प्रश्न आला, "कोई मानसिक रोग? डिप्रेशन, घबराहट? ऐसी कोई दवाई चल रही है? नहीं ना?"

मी म्हणाले, "नाही."

"घर में किसी को? माँ, बाप, भाई, बहन?"

मी म्हणाले, "नाही." आईला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी तिलाही नाही म्हणाले.

सिस्टरनी डब्यातून एक चिठ्ठी उचलली, तिच्यावरचा सतरा आकडा बाटलीवर लिहिला आणि कापूस दाबायला दिला. माझ्यामागून कुसुमकाकू नाही म्हणाली, तिच्यामागून तिची सून. सगळा हॉल नाही म्हणाला. एवढे निरोगी मराठी लोक एका छपराखाली जगात कुठे जमले नसतील. आणि तू, इतका शिकलेला माणूस, समाजाच्या हॉलमध्ये, साऱ्या समाजासमोर, हा प्रश्न मोठ्यांदा विचारला जाईल अशी व्यवस्था केलीस आणि उत्तरांवर विश्वास ठेवलास. मला तेव्हा तुझा राग आला होता, दादा. तू आपल्याच माणसांना इतका कसा ओळखत नाहीस, म्हणून.

बाहेर आले तर तू थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरत होतास. रसवाल्याकडून जास्तीचा आणला होतास. बसमध्ये तू तो डबा मांडीवर घेऊन बसलास. मी स्टँडवर सोडायला आले होते. शेजारच्या माणसानं विचारलं, "भिया, कुल्फी है क्या?" तू अत्यंत गंभीरपणे म्हणालास, "नहीं भिया, रिश्तेदार हैं." बस सुटेपर्यंत मी हसत होते. ती बस सुटताना मी तुला थांबवायला हवं होतं. डबा उघड, सतरा नंबर काढून फेक, एवढंच म्हणायचं होतं.

वर्षभरानं तू जेवायला आलास तेव्हा तुझे डोळे चमकत होते. कढी-भात केला होता. तू सांगायला लागलास, "एक गंमत झाली आहे. निरोगी लोकांत एक नमुना आहे, सतरा नंबर. त्याच्या जनुकावर सगळ्या खुणा आजाऱ्यासारख्या. अगदी आईच्या जातीचा माणूस. पण खत? खत भरपूर! निरोग्यांतही वरच्या बाजूला. फॉर्मवर आजार नाही, औषध नाही, घरात कुणाला नाही. याचा अर्थ कळतो का तुला? या माणसानं फडक्यातून वाट काढली. आपली आपण!"

मी तुला आणखी कढी वाढली.

"सर म्हणतात, काढून टाका, एका नमुन्यानं आलेख बिघडतो. मी नाही म्हटलं. कुणीतरी विश्वासानं हात पुढे केला. तो माझ्या सोयीचा नाही म्हणून त्याला फेकून देऊ?"

मी म्हणाले, "भात घे ना." कारखान्यात एखाद्या नोंदीत खाडाखोड दिसली तर मी नव्या पोरींना उभं करून झाडते. खोटी नोंद केलीत तर ती कुणाच्या तरी पोटात जाते, असं सांगते. आणि माझी खोटी नोंद ज्याच्या पोटात गेली होती तो माझ्यासमोर बसून कढी पीत होता आणि मला विश्वासानं सगळं सांगत होता.

पुढे तुझा प्रबंध झाला. सतरा नंबर त्यात राहिला, शेवटच्या प्रकरणात, न सुटलेला प्रश्न म्हणून. पण तुझ्या बोलण्यात तो प्रश्न राहिला नाही, त्याचा माणूस झाला. कॉलेजात, लग्नकार्यात, ओळखीपाळखीत कुणाच्या घरी असं काही झालं की तू सतरा नंबरची गोष्ट सांगायचास. औषध सोडू नका, हेही प्रत्येक वेळी न चुकता सांगायचास. पण ऐकणारे कुठलं लक्षात ठेवतात ते तुला कुठे माहीत होतं?

एकदा मी सांगणार होते. देवासच्या टेकडीवर, देवीच्या पायऱ्या चढताना. तू दम खायला थांबला होतास, खाली सगळं गाव पसरलेलं. मी म्हणाले, "दादा, तुझा तो सतरा नंबर…" तू लगेच म्हणालास, "एकदा भेटायचं आहे गं मला त्याला. नियमात बसत नाही, पण नुसतं भेटायचं. विचारायचं, बाबा रे, तू हे कसं केलंस? ते आपल्याला आधी कळलं असतं तर आई…" तू वाक्य पुरं केलं नाहीस. मी काय सांगणार होते? की तो माणूस नाही, तुझी बहीण आहे आणि तिनं काही केलेलं नाही, रोज सकाळी गोळी गिळली आहे? तुझ्या तोंडावरचा तो आनंद मला पुसता येईना. आपण वर गेलो, नारळ फोडला आणि खाली आलो.

खरं कारण आणखी एक आहे आणि ते लाजिरवाणं आहे. तू लहानपणापासून सगळ्यांना सांगायचास, "आमची शुभा बाबांवर गेली, दगड आहे नुसता." तुझ्या तोंडून ते ऐकायला मला फार आवडायचं. तू सगळं तरुणपण एका बंद पडद्यासमोर बसून काढलं होतंस. मला वाटायचं, या माणसाला निदान एक बहीण तरी अशी असू दे जिच्यासाठी उंबऱ्यावर बसावं लागत नाही. हे मी तुझ्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आले. आता वाटतं, तुला उंबऱ्यावर बसू दिलं असतं तर बरं झालं असतं. तू किती छान बसायचास.

आणि मग ऋचा.

तिची नोकरी गेली, ती इंदूरहून घरी आली, दिवाळीत हसली, दिवाळीनंतर हसली नाही. हे तूच आधी बघितलंस. फेब्रुवारीत तू दोन दिवस राहून गेलास आणि देवासला पोचल्या पोचल्या फोन केलास.

"तिला डॉक्टरांना दाखव. मी नाव देतो. वाट बघत बसू नकोस."

"थकली आहे ती. नोकरी सुटली की सगळेच पडून राहतात."

"भिंतीकडे तोंड करून, शुभे?"

माझ्या तोंडातून जे आलं ते मला मरेपर्यंत पुरेल. मी म्हणाले, "माझ्या पोरीला तुझ्या बाटलीत भरू नकोस."

तू काही क्षण गप्प होतास. मग "बरं, ठेवतो," म्हणालास. त्या आठवड्यात बुधवारी तू फोन केला नाहीस. मीही केला नाही. दोघंही वाट बघत होतो आणि नवव्या दिवशी फोन आला तो वहिनीचा. हृदय, म्हणाली. आंघोळीला जातो म्हणून उठलास आणि परत बसलास, म्हणाली. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं ते आहे, दादा. बाटलीचं.

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी ऋचाला तू सांगितलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तू गेल्यावर तुझं ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? मी म्हणाले, "माझ्या आईला." ते शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर उच्चारले आणि तिथेच थांबले. अर्धं खरं सांगून मी दमले. ऋचा माझ्याकडे बघत होती. तिला आजीचं पित्तच माहीत होतं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. ऋचानं घेतल्या नाहीत. आठ दिवस पाकीट तिच्या उशाशी तसंच. मी रोज सकाळी जाऊन बघायची, गोळीचं एकही घर फुटलेलं नसायचं. पण ती उठायची. सहाला गजर लावायची, तलावापर्यंत चालून यायची, परत येऊन बूट न काढता पलंगावर पडायची आणि संध्याकाळपर्यंत तशीच. मग पुन्हा गजर. एक दिवस तिचे बूट मी काढत होते तर म्हणाली, "आई, मला जमत का नाही आहे?"

"काय जमत नाही, राणी?"

"मामा सांगायचा ना, सतरा नंबर. त्याला पण सगळं आजीसारखंच होतं. एक गोळी नाही घेतली त्यानं, अपने आप ठीक झाला. म्हणजे होतं ना असं? मग मलाच का जमत नाही? मी काही कमी ट्राय करते आहे का?"

तिच्या पायातला बूट माझ्या हातात होता. माझी पोर महिनाभर एका माणसाच्या मागे धावत होती, जो जन्मालाच आला नव्हता. तो मी हॉलमध्ये, कुसुमकाकूच्या पुढच्या खुर्चीत बसून, एका शब्दानं तयार केला होता. तू त्याला दहा गावांत नेलंस आणि तो फिरत फिरत माझ्याच घरी परत आला.

मी लगेच बोलले नाही. दोन दिवस गेले. हेही तुला खरं सांगते, नाहीतर तुला वाटेल मी एकदम शूर झाले. गुरुवारी सकाळी कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला, हे म्हणाले, जा, बस आली. मी पर्स खाली ठेवली. फळीवरची कॅल्शियमची डबी काढली आणि ऋचाच्या खोलीत जाऊन तिच्या पलंगावर ओतली.

"हे काय?"

"ही माझी दवाई. तुझ्याच आजाराची. तू सातवीत होतीस तेव्हापासून."

ती उठून बसली.

"आणि सतरा नंबर मी आहे, ऋचा. बाटलीवर माझ्यासमोर आकडा लिहिला होता. मी फॉर्मवर खोटं सांगितलं. अपने आप कुणीही ठीक झालेलं नाही."

ती एकेक गोळी उचलून डबीत परत टाकायला लागली. मग तिनं विचारलं, "मामाला माहीत होतं?"

"नाही."

"कधीच नाही सांगितलंस?"

"नाही."

"तो बिचारा शोधत राहिला आणि तू समोर बसून होतीस?" आणि ती रडायला लागली. दिवाळीपासून ती रडली नव्हती. माझ्यावर ओरडत होती, मधेच मला धरत होती, मधेच ढकलत होती. "मला वाटलं घरात मीच एक अशी आहे. तू रोज सकाळी डबा घेऊन जायचीस, मला वाटायचं, आई बघ आणि मी बघ." मी तिला काही समजावलं नाही. ती म्हणत होती ते सगळं बरोबर होतं.

नाक पुसून ती म्हणाली, "पाणी आण. आणि तू पण इथेच घे, माझ्यासमोर. तुझ्यावर माझा काही भरोसा नाही."

आम्ही दोघींनी घेतली. पहिले दोन आठवडे तिला मळमळेल, तोंड कोरडं पडेल, मग हळूहळू कळेल, हे मी तिला सांगितलं. तशी मळमळ झालीही. काल ती म्हणाली, "वरणात हिंग जास्त झालाय." मी ताट तसंच ठेवून फोन उचलला. हे तुला फोन करून सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्यांना वाटेल पोर नखरे करते आहे. तुला एकट्याला कळलं असतं.

तुझ्या सरांना पत्र लिहिलं आहे. ऋचानं टाइप करून दिलं, माझं मराठी हिंदीत फिरवून. चूक झाल्याची नोंद, कारण, तारीख, सही, जसं कारखान्यात करतो तसं. ते त्या नमुन्याचं काय करतील माहीत नाही. मला एवढंच कळतं की नावांच्या पाकिटात माझं नाव आहे आणि तू ते कधी उघडलं नाहीस. की उघडलं होतंस? त्या शेवटच्या फोनवर तू काही क्षण गप्प राहिलास, ते कशामुळे? तू मला बोलायला जागा देत होतास का? हा विचार मी रोज करते आणि रोज बाजूला ठेवते.

पत्र पाठवून झाल्यावर ऋचानं विचारलं, "मामा काय म्हणाला असता गं?"

मी म्हणाले, "म्हणायचं नंतर. आधी खिशातून पेन काढलं असतं." ती हसली. मी पण हसले. मग मी आत आले आणि हा कागद घेऊन बसले. कारण ते खरंच आहे. तू रागावला असतास, जेवण टाकून उठलाही असतास. पण त्याआधी पेन काढून, चष्मा कपाळावर चढवून, माझ्या समोर बसून सगळं विचारलं असतंस. मला तेवढंच हवं आहे, दादा.

विचार ना.

औषध चालू होतं का? हो. किती दिवसांपासून? तेव्हा तीन वर्षं झाली होती. किती? पन्नास मिलिग्रॅम, रोज एक, सकाळी. घरात कुणाला? आईला, आपल्या आईला. रक्त घेतलं त्या दिवशी गोळी घेतली होती का? घेतली होती, दादा. आरतीला निघायच्या आधी, उभ्या उभ्या, पाण्याबरोबर.